पुढचा घे

कात्रीबाईचं शिलाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. पुढे गल्ला, उभा आरसा आणि ट्रायलचा पडदा. मागे एक लांबट खोली, तिला ती कारखाना म्हणायची. कारखान्यात मशीन चारच, पण तिच्यादेखत त्याला खोली म्हणायची कोणाची टाप नव्हती. कात्रीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गल्लीनं दिलेलं, अर्धं धंद्यामुळे आणि अर्धं जिभेमुळे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

शाळेत ती गेली ती अक्षराला अक्षर जुळवून वाचता येण्यापुरती. पहिली परीक्षा यायच्या आतच तिच्या हातात सुई आली. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तिच्या हातचा कोट घालून माणूस रस्त्यानं निघाला की मागून ओळखू यायचा. आतला माणूस कितीही वाकडा असो, खांदे सरळ दिसायचे. लोक असं म्हणत की नाही कोण जाणे, ती स्वतः मात्र आल्यागेल्याला सांगायची.

तिची नात पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतल्या जागेसाठी परीक्षा देत होती. पाण्यात गढूळपणा किती, तुरटी किती घालायची, क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचतं की नाही, हे तपासायचं काम. पांढरा कोट घालून, खुर्चीवर बसून. त्या घराण्यात खुर्चीवर बसून आजवर कोणी काम केलं नव्हतं. मशीनपुढचं स्टूल ही काही खुर्ची नव्हे. नात दोनदा नापास झाली होती आणि आता वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप होती. यानंतर तिचा अर्जसुद्धा कोणी हातात धरणार नव्हतं.

आणि नापास का, तर येत नव्हतं म्हणून नव्हे. घरी विचारलं की पोरगी झोपेतून उठून उत्तर द्यायची. हॉलमध्ये बसली की मात्र मध्येच कुठेतरी तिचा हात थांबायचा. समोरचा प्रश्न दिसायचा, अक्षरं कळायची, आणि पुढे सगळं कोरं. मग ती नखानं बाकावर टिचक्या मारत बसायची. दोन पटापट, एक उशिरा. ही खोड अगदी पाळण्यापासूनची. घरात तिचं नावच त्यावरून टिचकी पडलं होतं. दोन्ही वेळा ती टाकीच्या गणितावर अडली. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर भरायला वेळ किती, हे असलं गणित दर वर्षी येतंच. दोन्ही वेळा घंटा होईपर्यंत ती नुसती टिचक्या मारत राहिली. दुसऱ्या वेळी तर शेजारच्या बाकावरच्यानं तक्रार केली.

इकडे कात्रीबाईनं गल्लीत आधीच सांगून टाकलं होतं की यंदा माझी नात पांढरा कोट घालणार आणि तो मी शिवणार. कापडसुद्धा आणून कपाटात ठेवलं होतं. आजवर तिनं दिलेल्या तारखेला कपडा तयार नाही असं कधी झालं नव्हतं. आता ही तारीख चुकली तर गल्लीला तोंड कसं दाखवायचं, हा तिचा प्रश्न. आणि पोरगी उरलेला जन्म मशीनच्या स्टुलावर टिचक्या मारत काढणार का, हा त्याहून मोठा. तो ती कोणाजवळ बोलत नव्हती.

एक दिवस शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण कोटाचं अस्तर बदलायला आली. टिचकी कोपऱ्यात मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसली होती. डाव्या हाताला प्रश्न, उजव्या हाताला उत्तरांचं पुस्तक. प्रश्न वाचायची, उत्तर वाचायची, मान डोलवायची. मास्तरीण थोडा वेळ बघत राहिली.

"हे वाचन झालं, परीक्षा नव्हे," ती म्हणाली. "उत्तर शेजारी असलं की सगळ्यांना सगळं येतं."

मग तिनं उभ्या उभ्या सांगितलं. जुना पेपर घड्याळ लावून सोडवायचा. उत्तरांचं पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवायचं. तपासायचं ते वेळ संपल्यावर, आणि चूक नुसती खोडायची नाही, ती कशी झाली ते बघायचं. चुकलेले तेवढेच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा घ्यायचे. कुठले प्रश्न वर्षानुवर्षं फिरून येतात ते हेरायचं. आणि सगळ्यांत अलीकडचा एक पेपर अजिबात न उघडता राखून ठेवायचा, खऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवसासाठी. जमलं तर सगळं हॉलमधल्यासारखं करायचं, म्हणजे हॉलची भीती मोडते.

कात्रीबाई दातात दोरा धरून ऐकत होती. मास्तरीण गेली आणि संध्याकाळच्या चहाला तीच सगळी युक्ती कात्रीबाईच्या स्वतःच्या डोक्यातून निघाली होती.

"उत्तर बघून पेपर सोडवणं म्हणजे शिवलेला कोट बघून माप सांगणं," तिनं सुनेला ऐकवलं. सून म्हणजे टिचकीची आई. दुकानात काजं-बटणं करायची, सासूपेक्षा बरीच जास्त शिकलेली होती, म्हणून कमी बोलायची. उत्तरं तपासायचं काम तिच्याकडे आलं.

मग सुट्टीच्या दिवशी आणि रोज दुपारी कारागीर बायका जेवायला घरी गेल्या की कारखान्यात पेपर सुरू झाला. टिचकी कापायच्या मोठ्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर बसायची. कात्रीबाई दाराशी, मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन. गल्ल्यावरची दाबायची घंटी तिनं उचलून आणली होती. घंटी वाजली की लिहायचं, वाजली की थांबायचं. पाणी हवं तर हात वर करायचा. एकदा टिचकीनं "आजी, किती वेळ उरला?" म्हणून विचारलं, तर उत्तर आलं की इथे तुझी आजी कोणी बसलेली नाही.

चुकांचे ढीगही तिनं आपल्या पद्धतीनं लावले. शिवण उसवते ती तीन कारणांनी, ती म्हणायची. कापडच विरलेलं, म्हणजे मुळात येतच नाही. दोरा घाईत ओढलेला, म्हणजे येतं पण गडबड केली. आणि मापच चुकीचं घेतलं, म्हणजे विचारलं एक आणि लिहिलं भलतंच. सून वाचून सांगायची आणि कात्रीबाई शिंप्याच्या लाल खडूनं खूण करायची. टिचकीची बहुतेक उसवण तिसऱ्या ढिगात निघाली. पोरगी प्रश्न पुरता वाचतच नव्हती. ते कळल्यावर आठवड्याभरात ढीग उतरला आणि कात्रीबाई गल्लीतून चालताना पदर जरा जास्तच नीट घ्यायला लागली.

अडली की काय करायचं, तेही ठरलं. सुई टोचू नये म्हणून कात्रीबाईच्या बोटात दिवसभर पितळी अंगुस्तान असायचं. टिचक्या सुरू झाल्या की ती उठायची, टेबलाच्या लाकडावर अंगुस्तान दोनदा आपटायची आणि म्हणायची, "पुढचा घे." एवढंच. मागचा प्रश्न कुठे पळून जात नाही. एका टाक्यापायी अख्खी बाही अडवून धरायची नाही.

पण घरात पोरगी खरी अडतच नव्हती. अडायची ती हॉलमध्ये, माणसांत. तेव्हा हॉल घरी आणायचा, असं कात्रीबाईनं ठरवलं. एका सुट्टीच्या दिवशी तिनं चारही मशीनची डोकी आत मुडपली, वरच्या फळ्या मिटल्या. बघता बघता मशीनचे बाक झाले. चार बाक, त्यांच्यापुढे चार स्टुलं. प्रत्येक फळीवर एक कोरा कागद, एक पेन, आणि कोपऱ्यात लाल खडूनं नंबर. पाचवा नंबर टेबलाच्या कोपऱ्यावर, टिचकीचा.

आणि हॉल म्हटला की हजेरी हवीच. परीक्षेच्या हॉलमध्ये हजेरी कशी घेतात हे तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण कारागीर बायकांची ती रोज घ्यायची, तशीच घेतली. एक, म्हणून थांबली. दोन, म्हणून थांबली. हाक मारली की समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा, ही तिची रीत होती. रिकाम्या स्टुलापुढेही तिनं ती सोडली नाही.

सून दारात होती. तिला हसू आवरेना.

"आई, स्टुलांची हजेरी कोण घेतं?"

"ज्याला पोरगी पास करायचीये तो," कात्रीबाई म्हणाली. "तुला हसायचं असेल तर गल्ल्यावर जाऊन हस. इथे पेपर चाललाय."

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. घडलं असेल तर एवढंच, की पेपर संपल्यावर स्टुलं थोडी मागे सरकलेली दिसायची. कात्रीबाई ती नेहमी मशीनखाली आत ढकलून ठेवायची. आता ती हातभर बाहेर असायची, माणूस उठताना मागे सारतो तशी. तिनं टिचकीला दोन शब्द सुनावले. टिचकी म्हणाली, मी जागची हलले नाही. कात्रीबाईला पोरीचं खरं वाटलं नाही आणि विषय तिथेच राहिला.

मग एकदा सुईत दोरा ओवायला म्हणून ती भिंतीकडच्या चौथ्या मशीनच्या स्टुलावर टेकली, आणि पटकन उठली. स्टूल गरम होतं. नुकतंच कोणी उठून गेल्यावर असतं तसं. खिडकीतून ऊन येतं, तिनं स्वतःला सांगितलं. त्या भिंतीपर्यंत ऊन कधीच पोचत नाही, हे तिला त्या खोलीत हयात काढल्यामुळे ठाऊक होतं. पण तेव्हा तिनं ते मनात येऊ दिलं नाही.

त्यानंतर पेनचा आवाज. दुपारची खोली शांत असायची. रस्त्यावरून एखादी हातगाडी खडखडत जायची, घड्याळ टिकटिक करायचं आणि टिचकीचं पेन कागदावर खरखरायचं. एक दिवस टिचकी पेन दातात धरून विचार करत होती, आणि खरखर चालूच होती. हलकी, सलग, ओळ संपली की जरा थांबून पुन्हा सुरू होणारी. उंदीर असेल म्हणून कात्रीबाईनं चिंध्यांच्या पोत्याला लाथ मारून पाहिली. नंतर तिच्या ध्यानात आलं की हा उंदीर घंटीनंतरच सुरू होतो आणि घंटीला थांबतो. इतका शिस्तीचा उंदीर तिनं पाहिला नव्हता.

तिच्या बोटांना कापडातला एक जाड दोरासुद्धा कळायचा. त्या दिवशी कागद गोळा करताना चौथ्या बाकावरचा कोरा कागद तिच्या बोटाला कोरा लागला नाही. पेनचं टोपण बंदच होतं, शाईचा ठिपका नव्हता, पण कागदावर दाबून लिहिल्याचे चर होते. टिचकीच्या कागदाखाली तो राहिला असेल, असं ती म्हणाली आणि खडूची चपटी बाजू त्यावरून फिरवली. लाल रंगात पांढरी अक्षरं वर आली. तिनं ती सुनेपुढे धरली.

सुनेनं वाचलं. मग टिचकीचा त्या दिवसाचा पेपर शेजारी ठेवून पुन्हा वाचलं.

"टाकीचं गणित आहे," ती म्हणाली. "बरोबर सोडवलंय."

"मग? पोरीनं सोडवलं असेल."

"तिनं आज ते सोडूनच दिलंय, आई. हे बघा, जागा कोरी आहे." सून खाली बसली. "अक्षर मात्र तिचंच आहे. बंद करा हे. मला हे बरं वाटत नाही."

कात्रीबाईनं खडूची पूड फुंकून टाकली. बरं तिलाही वाटत नव्हतं. पण तारीख जवळ आली होती, आणि तारीख जवळ आली की तिचे कान बंद व्हायचे.

"बसू दे कोण बसायचं ते," ती म्हणाली. "माझ्या कारखान्यात बसून शिकतंय ना? शिकव म्हणावं आमच्या पोरीलाही."

सुनेनं मग टिचकीलाच विचारलं, तुला काही ऐकू येतं का, भीती वाटते का. टिचकी आपली नखं बघायला लागली. आता हॉल भरल्यासारखा वाटतो, म्हणाली. बरं वाटतं.

आणि खरंच, पोरगी सुधारत होती. टाकीचं गणित ती आधी अडखळत आणि मग न अडखळता सोडवायला लागली. टिचक्या कमी झाल्या. पूर्वी पेपरभर चालायच्या, आता एखाददुसरी. कात्रीबाईनं मास्तरिणीला मुद्दाम दुकानात बोलावून निकाल ऐकवला. मास्तरीण म्हणाली, छान, माझं सांगणं उपयोगी पडलं. कात्रीबाई म्हणाली, हो, काही काही पडलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी राखून ठेवलेला पेपर निघाला. घडीही न मोडलेला. दुपारी कारखान्यात हजेरी झाली, घंटी झाली, लिहिणं सुरू झालं. पाचही बाकांवरून पेनं खरखरत होती. कात्रीबाई आता त्याला सरावली होती. चार मशीन एकदम चालतात तेव्हा तिला जसं भरल्यासारखं वाटायचं, तसंच वाटत होतं.

अर्धा पेपर झाला असेल. टिचक्या सुरू झाल्या. दोन पटापट, एक उशिरा.

झालं, आलं टाकीचं गणित, असं मनात म्हणत कात्रीबाई उठली आणि टेबलाशी गेली. अंगुस्तान आपटायला हात उचलला आणि तिथेच राहिला. टिचकीचा एक हात कागदावर पालथा होता. दुसऱ्या हातात पेन होतं, आणि ते भराभर चाललं होतं.

टिचक्या मागून येत होत्या. भिंतीकडच्या चौथ्या बाकावरून.

 पेपर चालू असताना सुपरवायझरनं घाबरायचं नसतं. ती चालत चौथ्या बाकापाशी गेली. स्टूल रिकामं होतं, कागद कोरा होता, पेन मिटलेलं होतं. फळी तिच्या बोटांखाली बारीक थरथरत होती. तिनं अंगुस्तान दोनदा आपटलं.

"पुढचा घे," ती म्हणाली.

टिचक्या थांबल्या. क्षणभरानं खरखर सुरू झाली. टिचकीनं मान वर केली नाही. फक्त तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला, हसू येतं तसा.

त्या पेपरात तिची एकच चूक निघाली, तीही घाईची. कात्रीबाईनं लाल खडू खाली ठेवला. त्या संध्याकाळी गल्लीत तिनं कोणाचीच उणीदुणी काढली नाही, इतकी ती खुशीत होती.

परीक्षेच्या दिवशी सून टिचकीला घेऊन गेली. कारागीर बायकांना सुट्टी दिली होती. कात्रीबाईनं काजं करून पाहिली, टाके वाकडे पडले. उसवून ठेवली. परीक्षेची वेळ झाली तशी ती उठली, कारखान्यात गेली, मशीनची डोकी आत घातली, कागद मांडले. तिकडे पोरगी पेपरला बसणार आणि इकडे आपण नुसतं बसून राहायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यावरही तिनं कागद ठेवला. सवयीनं.

ती दाराशी बसली आणि हजेरी घेतली. एक. दोन. तीन. चार. प्रत्येकाला थांबली.

"पाच," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की पाच आज इथे नाही.

टेबलाच्या कोपऱ्यावरून उत्तर आलं. दोन पटापट, एक उशिरा.

कात्रीबाईनं घंटी वाजवली.  सुरू केलेलं काम अर्ध्यावर सोडायचं तिला माहीत नव्हतं.

पेनं चालू झाली. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरून हळूहळू सरकत गेलं. कागदाच्या एका कोपऱ्यावर मात्र, वर काहीच नसताना, मनगटाएवढी सावली होती. ती सरकत नव्हती. कात्रीबाई घड्याळाकडे बघत राहिली.

मग चार पेनं चालू राहिली आणि पाचवं थांबलं.

टिचक्या सुरू झाल्या. आधी हळू. मग जोरानं. मग त्यांच्यातलं अंतर मोडलं आणि नुसतं नख आपटत राहिलं.

ती धावत टेबलाशी गेली. अंगुस्तान आपटलं. "पुढचा घे."

थांबेना.

पुन्हा आपटलं. लाकडाला खोक पडली. "अगं पोरी, पुढचा घे. मागचा राहू दे तिथेच. पुढचा घे."

थांबलं.

बराच वेळ काहीच नाही. मग पेन सुरू झालं, आणि घंटीपर्यंत थांबलं नाही.

घड्याळ वाजलं. तिनं घंटी दाबली. एक, दोन, तीन, चार, सगळीकडे शांत झालं. टेबलाशी खरखर चालूच होती. वेळ संपली, ती म्हणाली. मग टेबलापाशी जाऊन कागदाचं टोक धरलं आणि ओढलं.

कागद येईना. कोणीतरी त्यावर मनगट टेकून शेवटची ओळ लिहीत असावं, तसा तो धरलेला होता.

खऱ्या हॉलमधला सुपरवायझर असता तर त्यानं ओढून घेतला असता. कात्रीबाई कधी खऱ्या हॉलमध्ये गेली नव्हती. आणि ते मनगट कोणाचं आहे, याबद्दल तिच्या हाताला शंका नव्हती. तिनं टोक सोडलं.

"लिही मग," ती म्हणाली. "होईपर्यंत लिही. मी काही ओढून घेत नाही."

दार ओढून ती गल्ल्यावर येऊन बसली.

टिचकी परतली ती शांत. सून सांगत होती की पोरगी परीक्षेहून आली की दोन्ही वेळा रडत आली होती, आज बघा. टिचकीनं हातपाय धुतले, जेवली आणि मग आजीला सांगितलं. मध्येच सगळं कोरं झालं होतं. टाकीचंच गणित. मग अंगुस्तान ऐकू आलं, अगदी कानाशी. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तिनं पान उलटलं.

"आणि वेळ संपली तेव्हा?" कात्रीबाईनं विचारलं.

"लगेच दिला पेपर. माझं सगळं झालं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरचा कागद सहज उचलला गेला. कात्रीबाईनं त्यावरून बोट फिरवलं. चर नव्हता, काही नव्हतं, दुकानातून आणला तसा गुळगुळीत. तिनं चारही मशीन उघडल्या, नंबर पुसले. कारागीर बायका कामाला बसल्या. टेबलाच्या त्या कोपऱ्यावर खडूची रेघ सरळ येत नाही, अशी त्यांनी एकदोनदा तक्रार केली. मग कोणी न सांगता त्या तिथे कापड पसरेनाशा झाल्या.

निकाल लागला. टिचकी पास झाली, आणि नुसती पास नव्हे, यादीत वरून तिसरी. कात्रीबाईनं दुकान उघडं टाकून अख्खी गल्ली पायी फिरून काढली. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांना थांबवून सांगितलं. मास्तरिणीच्या दारात तर ती चांगली टेकली. या घराण्यात खुर्चीवर बसणारी पहिली, असं सांगताना तिचा आवाज जरा फाटला, तो तिनं खोकल्यावर ढकलला.

पांढऱ्या कोटाचं कापड कपाटातून निघालं. कारागिरांना हात न लावू देता तिनं ते स्वतः कापलं, स्वतः कच्च्या टाक्यानं जोडलं, आणि सुट्टीच्या दिवशी दुकानाचं दार लावून पोरीला ट्रायलसाठी आरशापुढे उभं केलं. सून घरी स्वयंपाकात होती. कात्रीबाई गुडघ्यांवर बसली आणि टाचण्या तोंडात धरून खालची दुमड बेतायला लागली.

पोरगी पुतळ्यासारखी उभी होती. लहानपणापासून हिचं एक माप कधी धड घेता आलं नव्हतं. टिचक्यांपायी अंगभर हलायची. परीक्षेपासून एकदाही टिचकी वाजली नव्हती. आत्मविश्वास म्हणतात तो हाच, सगळे म्हणत होते. कात्रीबाईही तेच म्हणत होती. तिनं वर पाहिलं. आरशात सरळ खांदे, पांढरा कोट, दोन्ही हात बाजूला निवांत. असा कोट तिनं आयुष्यात शिवला नव्हता.

मागच्या बंद कारखान्यातून, टेबलाच्या कोपऱ्याकडून, आवाज आला. दोन पटापट, एक उशिरा.

टिचकीचे हात जिथल्या तिथे होते. तिनं आरशातूनच आजीकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, नवलही नव्हतं.

"आजी, तिला सांग ना, पुढचा घे म्हणून," ती म्हणाली. मग मऊ आवाजात, "आणि वेळ संपली असं मात्र कधी सांगू नकोस. ती उठली तर मला बसावं लागेल."

कात्रीबाईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्यातली एक काढून दुमडीत खोचली. टाचणी सरळ बसली. मग दुसरी काढली.